मुळाला आपली जागा आठवते

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्रिच यांनी १९५०च्या दशकात एक अदलाबदल करून पाहिली. डोक्याच्या मागच्या दाट केसांतला त्वचेचा छोटा गोल तुकडा काढून त्यांनी टकलावर बसवला आणि टकलाचा तुकडा मागच्या दाट केसांत. दोन्ही तुकड्यांना आता रक्त मिळत होतं ते नव्या जागेचं. तरीही मागून पुढे आलेल्या तुकड्यावर केस उगवतच राहिले आणि दाट केसांत बसवलेला तुकडा उजाडच राहिला. १९५९ साली हे प्रसिद्ध झालं. केस टिकणार की जाणार, हे मूळ स्वतःबरोबर घेऊन फिरतं! केसांच्या प्रत्यारोपणाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट कधी कामी येते, तर कधी आडवी येते.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येक मुळाचं घड्याळ वेगळं. दोन ते सहा वर्षं केस वाढतो, दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, मग तीनेक महिने विसावतं. केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. ही घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी आपल्याला पत्ता लागत नाही. पण मोठा ताप, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झालं, की असंख्य मुळं एकदमच विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी केस झुपक्यांनी हातात येतात. गणपतीतल्या तापाचे केस दिवाळीच्या सुमारास गळतात, आणि दोष जातो नव्या शाम्पूला. इथे मुळं जिवंत असतात. कारण दूर झालं की केस बहुधा परत येतात. अशा बाईच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करणं मला अन्यायाचंच वाटतं.

हळूहळू भांग रुंदावत जातो, तो प्रकार वेगळा. हॅम्बुर्गच्या एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. टाळू विरळ होत जाते, कपाळावरची रेषा मात्र बहुतेकींची शाबूत राहते. पुरुषांची ही रेषा मागे सरकते, तसं इथे होत नाही. याचं एक कारण फार सुंदर आहे. बायकांच्या कपाळालगतच्या मुळांत अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि ते पुरुषी हार्मोनचं स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करतं. टाळूवरची मुळं मात्र दर फेरीला लहान होतात, आणि जाड केसाच्या जागी आखूड, बारीक लव येते.

मग मागचे केस पुढे का लावू नयेत? पुरुषांत मागचा पट्टा सहसा सुरक्षित असतो. पुष्कळ बायकांत मात्र विरळपणा मागे आणि बाजूंनाही पसरलेला असतो. असं मूळ पुढे आणलं, तर ते आपला विरळपणाही सोबत आणतं. म्हणून मागचे केस भिंगाखाली पाहायला हवेत: सगळे सारख्या जाडीचे आहेत, की जाड-बारीक सरमिसळ आहे? त्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची तपासणी. हे काहीच न करता थेट ग्राफ्टचा, म्हणजे लावायच्या केसपुंजक्यांचा, आकडा सांगणाऱ्या दवाखान्यातून सरळ उठून यावं.

ज्यांचा मागचा भाग खरोखर दाट आहे, भाजल्याचा व्रण आहे, किंवा वर्षानुवर्षं घट्ट ओढून बांधल्याने कानशिलांवरचे केस कायमचे गेले आहेत, त्यांना प्रत्यारोपणाचा चांगला उपयोग होतो. खरं तर एकेक केस रोवण्याचं नाजूक काम सुरुवातीला बायकांसाठीच झालं. जपानचे हाजिमे तामुरा यांनी १९४३ मध्ये जांघेतले केस नसलेल्या स्त्रियांवर ते केलं होतं. आजही एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके वेगळे करून, थंड द्रावणात जपून, एकेका बारीक छिद्रात बसवतात. दोन-चार आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळतात आणि बाई हादरते. पण गळतो तो फक्त केस, मूळ आत असतं. तीन-चार महिन्यांनी त्यातून कोंब येतो, आणि खरा परिणाम दिसायला वर्ष लागतं. आजूबाजूचे नाजूक केसही काही काळ झडू शकतात, हे आधीच सांगितलेलं बरं.

तरी मुळं मोजकीच. ती वाढवता येतील का? १९९९ मध्ये ब्रिटनच्या कॉलिन जहोदा यांच्या टाळूच्या केसमुळांतल्या पेशी त्यांच्या सहकारी अमांडा रेनॉल्ड्स यांच्या हातावर लावल्या, आणि तिथे नवे केस उगवले! पुरुषाच्या पेशींनी स्त्रीच्या कातडीला केस घडवायला लावलं. पण अशा पेशी बशीत पसरून वाढवल्या, की त्यांची ही ताकद जाते. २०१३ मध्ये जहोदा आणि न्यूयॉर्कच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने त्या उलट्या लटकणाऱ्या थेंबांत, गोळ्या होतील अशा वाढवल्या, आणि ती ताकद काही अंशी परतली. क्रिस्टियानो यांना स्वतःला चाई पडली होती, आणि तिथूनच त्या केसांच्या संशोधनाकडे वळल्या.