'नॉलेज' आणि 'बिलीफ'

मंडळी, आज दोनच इंग्रजी शब्द घेऊ: 'नॉलेज' म्हणजे ज्ञान आणि 'बिलीफ' म्हणजे समजूत. 'बिलीफ'चं अनेकवचन 'बिलीफ्स' होतं. 'नॉलेज'चं सहसा होत नाही. आता क्रियापदं पाहा. 'आय नो व्हेअर ही लिव्ह्ज' चालतं, पण 'आय बिलीव्ह व्हेअर ही लिव्ह्ज' चालत नाही. 'कुठे' याचं खरं उत्तर हाती असेल, तरच 'नो' म्हणता येतं. 'बिलीव्ह'ला इथे पूर्ण विधान लागतं: 'तो पुण्यात राहतो'. ते पुढे खोटं निघालं, तरी वाक्य बिघडत नाही. म्हणजे खोटी समजूत असू शकते. खोटं ज्ञान नसतं. फोनवर आलेला मजकूर पुढे पाठवताना आपण 'मला माहीत आहे' म्हणतो ना? तिथे क्षणभर थांबा. माहीत आहे, की नुसतं वाटतं?