खर्ड्याचा धडा कोणाच्या मालकीचा?

११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात खर्ड्याची लढाई झाली. पराभवानंतर निजामाने ज्या किल्ल्याचा आश्रय घेतला, तो जामखेड तालुक्यातील या गावात आजही उभा आहे. अशा गावातील शिक्षकाने ही लढाई केवळ छापील पानावरून शिकवावी, हे विपरीतच म्हणावे लागेल. तटबंदीचे छायाचित्र, सैन्याच्या हालचालींचा नकाशा, गावातील एखाद्या वृद्धाच्या आवाजातील हकिकत आणि चार ओळींचे टिपण संगणकावर एकत्र आणले, की धडा सजीव होतो. याला आता 'बहुमाध्यम संज्ञापन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. फळ्यावर नकाशा काढून पोवाडा म्हणून दाखविणारे गुरुजी दुसरे काय करीत होते?

फरक पडला आहे तो साधनाच्या मालकीत. खडू ज्याच्या हाती, त्याला पुसण्याचा आणि पुन्हा लिहिण्याचाही अधिकार असे. विकत घेतलेल्या बंदिस्त सॉफ्टवेअरमधील धड्यात एखाद्या गावाचे नाव चुकले, तर शिक्षकाला ते दुरुस्त करता येत नाही. परवान्याची मुदत सरली, की धडाही सरतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, ती याच परावलंबनाविरुद्ध. सॉफ्टवेअर वापरावे, त्याची रचना अभ्यासावी, तीत बदल करावा आणि ते इतरांना द्यावे, हे या चळवळीचे सूत्र आहे. मुक्त म्हणजे फुकट, हा आपल्याकडील समज मात्र जाता जाता खोडून काढलेला बरा.

महाराष्ट्रात याचा प्रयोग झालेला आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत मुलांच्या हाती छोटे संगणक आले. त्यांत कॅमेरा होता, ध्वनिमुद्रणाची सोय होती आणि 'शुगर' ही मुक्त प्रणाली होती. चित्र काढणे, आवाज टिपणे आणि लिहिणे या क्रिया मुलाने स्वतः कराव्यात, अशी तिची योजना होती. मुलाला केवळ प्रेक्षक करणाऱ्या साधनांहून ती या बाबतीत निश्चितच वेगळी होती.

मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा दुसरा उपक्रम. सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींतून मुक्त सॉफ्टवेअर शिकविले जाते. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते, आणि शिकणाऱ्याने ऐकता ऐकता शेजारी तीच कृती करावी, अशी अपेक्षा असते. पण कानी मराठी पडत असताना पडद्यावरील आज्ञा बहुधा इंग्रजीतच असतात. खेड्यातील विद्यार्थ्याची गाडी अडते ती इथे. प्रणाली मुक्त असल्याने त्या आज्ञांचे मराठीकरण करण्यास कोणाच्याही अनुमतीची गरज नाही. गरज आहे ती चिकाटीने हे काम करणाऱ्या माणसांची, आणि त्यांना त्याचा मोबदला देणाऱ्या शिक्षणखात्याची.

शासन दरवर्षी शाळांसाठी संगणक आणि ध्वनिचित्र धडे खरेदी करते. त्या करारांत धड्याची मूळ फाईल आणि तीत दुरुस्ती करण्याचा अधिकार शाळेला मिळेल, असे एक कलम घालता येण्याजोगे आहे. मग खर्ड्याच्या शिक्षकाने सिद्ध केलेला लढाईचा धडा पानिपतच्या धड्यासाठी दुसऱ्या एखाद्या गुरुजींना सांगाडा म्हणून वापरता येईल, आणि खर्ड्याच्या नकाशातील चूक खर्ड्यातच सुधारता येईल.