गेममधली ‘टियर लिस्ट’: प्रत्येक वर्गातला भारी हिरो नेमका ठरतो कसा?

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये कॉलेजची पोरं एकाच मोबाईलवर वाकून एखादं रील बघताना दिसतात. स्क्रीनवर रंगीत पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीत गेममधल्या हिरोंचे चेहरे. कोणी म्हणतं, “हा एस टियर कसा? मी तर रोज याला मारतो.” पळसदरीला सुरू झालेला हा वाद लौजी आलं तरी मिटत नाही.

तो मिटत नाही, कारण दोघंही बरोबर असू शकतात. कसं, ते समजून घेऊया.

टियर लिस्ट म्हणजे काय?

टियर लिस्ट म्हणजे गेममधल्या हिरोंची गुणवत्तेनुसार केलेली विभागणी. सगळ्यात वर ‘एस’, मग ए, बी, सी, डी. ‘ए’च्याही वर ‘एस’ ठेवण्याची रीत जपानी श्रेणीपद्धतीतून आली आणि गेमिंगमुळे जगभर पसरली.

चांगली यादी हिरोंना वर्गवार मांडते. कुस्तीत ५७ किलोचा आणि ९७ किलोचा मल्ल एका पारड्यात तोलत नाहीत, तसंच हे. मार झेलणारा आणि मागून जादू करणारा यांची कामं वेगळी, म्हणून तुलनाही आपापल्या वर्गात.

उदाहरणासाठी ‘डोटा २’ घेऊ. कल्पनारम्य जगातला हा ऑनलाइन गेम व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये अधिकृतपणे आणला. पाच विरुद्ध पाच खेळाडू, १२० हून अधिक हिरो, आणि समोरच्या संघाचा मुख्य तळ पाडला की विजय. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन मुंबई’ ही याच गेमची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाने याच गेममध्ये कांस्यपदक जिंकलं.

यात हिरोंचे वर्ग त्यांच्या मुख्य गुणावरून पडतात: बळ, चपळाई आणि बुद्धी. एप्रिल २०२३ मध्ये ‘युनिव्हर्सल’ हा चौथा वर्ग आला आणि बरेच जुने हिरो आपला वर्ग सोडून तिकडे गेले. म्हणजे वर्गसुद्धा कायमचे नसतात.

‘विन रेट’वर किती भरवसा ठेवायचा?

यादी बनवणारे पहिला पुरावा देतात तो विन रेटचा. एखाद्या हिरोसोबत १०० सामने खेळले गेले आणि ५३ जिंकले, तर विन रेट ५३ टक्के. हा आकडा तुम्हाला किरकोळ वाटेल. पण गेमची यंत्रणा तुल्यबळ खेळाडूंनाच समोरासमोर आणते, त्यामुळे बहुतेक हिरो पन्नाशीच्या आसपासच राहतात. लाखो सामन्यांमध्ये टिकलेले ५३ टक्के म्हणजे हिरो खरोखर ताकदवान.

‘लाखो’ हा शब्द इथे महत्त्वाचा. “मी २० पैकी १३ जिंकले, हा हिरो एस टियर,” असं मित्र सांगेल. पण नाणं २० वेळा उडवलं तरी १३ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते, म्हणजे साधारण आठातून एकदा. एवढ्याशा सामन्यांवरून हिरोची ताकद कळत नाही, त्या आठवड्याचं नशीब कळतं.

दुसरी गंमत ‘मीपो’ची. चपळाई वर्गातल्या या हिरोच्या स्वतःच्याच प्रतिकृती असतात. सगळ्या एकाच वेळी हाताळायच्या आणि एक जरी मेली तरी सगळा खेळ खलास. म्हणून त्याच्या वाटेला मुरलेले खेळाडूच जातात. त्याचा विन रेट चांगला दिसला, तर त्यातला मोठा वाटा त्या सरावलेल्या हातांचा असतो. यादी बघून तुम्ही पहिल्यांदा मीपो घेतलात, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

खेळणारा कोण, यावर क्रम बदलतो

‘आयो’ हा याचा उत्तम नमुना. प्रकाशाचा छोटा गोळा, एकटा फारसा उपयोगाचा नाही. तो सोबत्याला स्वतःशी जोडून घेतो, त्याला बळ देतो आणि त्याला घेऊन नकाशावर दुसरीकडे जाऊन पोहोचतो. यासाठी दोन खेळाडूंचा मेळ हवा. रोजच्या सामन्यांत अनोळखी माणसांसोबत तो मेळ बसत नाही, म्हणून आयोचा विन रेट बहुधा खालीच असतो. व्यावसायिक संघ मात्र त्याला इतके घाबरतात, की समोरच्याला मिळू नये म्हणून तो आधीच बाद करतात. २०१९ च्या शांघायमधल्या जागतिक स्पर्धेत ओजी संघाने मदतनीस समजल्या जाणाऱ्या या आयोलाच मुख्य मारेकऱ्याच्या भूमिकेत उतरवलं, आणि ती स्पर्धा जिंकली.

एकच हिरो, एका यादीत ‘एस’ आणि दुसरीत ‘डी’. दोन्ही याद्या खऱ्या.

समोर कोण आहे?

बळ वर्गातला ‘हस्कर’ जितका जखमी होतो तितका चवताळून लढतो आणि जखमा भरून काढत टिकून राहतो. जादूवर विसंबलेल्या संघासमोर तो भयंकर. पण समोर ‘एन्शंट ॲपरिशन’ आला की हिशोब फिरतो, कारण त्याचा बर्फाचा मारा काही काळ जखमा भरूच देत नाही. टियर लिस्टमध्ये हस्करसाठी जागा एकच असते, प्रत्यक्षात मात्र त्याची किंमत समोरच्या पाच जणांवर ठरते.

मैदान कोणतं?

हे खोपोलीकरांना वेगळं सांगायला नको. इथून पालीच्या दिशेला, खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान मोठं सैन्य घेऊन घाट उतरून कोकणात निघाला होता. मोकळ्या मैदानावर त्या फौजेचा दर्जा नक्कीच वरचा ठरला असता. पण दाट झाडीतल्या अरुंद वाटेत ना घोडदळ पसरू शकलं, ना संख्येचा उपयोग झाला. शिवाजी महाराजांच्या संख्येने कमी असलेल्या सैन्याने दोन्ही बाजूंनी कोंडी केली आणि खानाला शरण येऊन, खंडणी देऊन परतावं लागलं.

फौज तीच होती, जमीन बदलली आणि क्रम उलटला. गेममध्येही अरुंद वाटा असलेला नकाशा आणि मोकळा नकाशा यांच्या याद्या वेगळ्या निघतात.

यादी शिळी का होते?

गेम बनवणारे ठरावीक काळाने बदल आणतात, त्याला ‘पॅच’ म्हणतात. डोईजड झालेल्या हिरोची ताकद कमी केली की ‘नर्फ’, पडलेल्याची वाढवली की ‘बफ’. त्या काळात जे डावपेच सगळ्यात चालतात, त्यांना ‘मेटा’. पॅच बदलला की मेटा बदलतो आणि जुनी यादी रद्दीत जाते. रील मात्र फिरतच राहतं. म्हणून आधी तारीख बघा.

मग आमची यादी कुठे आहे?

ही घ्या. पण अट आधी: ही यादी अगदी नवख्या खेळाडूसाठी आहे. निकष एकच, कमी चुकांत संघाच्या जास्त कामी कोण येतो.

बळ: पहिला रेथ किंग. मेला तरी पुन्हा उठण्याची शक्ती त्याच्याकडे आहे, म्हणजे नवख्याला एक चूक माफ. दुसरा स्वेन. शत्रूला क्षणभर सुन्न करतो आणि एका घावात आजूबाजूच्यांनाही मारतो.

चपळाई: पहिला जगरनॉट. गरगर फिरताना त्याच्यावर बहुतेक जादू चालत नाही, आणि जखमा भरणारी कांडीही जवळ आहे. दुसरा स्नायपर. लांबून मारतो, पण शत्रू जवळ आला की संपला.

बुद्धी: पहिली क्रिस्टल मेडन. शत्रूला गोठवते आणि जादूसाठी लागणारी शक्ती सगळ्या संघाला पुरवते. दुसरा झ्यूस. नकाशावर कुठेही असलेल्या शत्रूंवर वीज पाडतो, पण स्वतः नाजूक.

युनिव्हर्सल (२०२३ मध्ये या वर्गात आलेल्यांपैकी): पहिला ॲबॅडॉन. त्याची मोठी शक्ती चालू असताना अंगावर पडलेला मार उलट जखमा भरतो. दुसरा व्हेनोमॅन्सर. विषाने शत्रूचा वेग मंदावतो.

मुरलेल्या खेळाडूला ही यादी हास्यास्पद वाटेल. वाटलीच पाहिजे, ती त्याच्यासाठी नाही.

याने फरक काय पडतो?

डोटा २ मध्ये सगळे हिरो फुकट आहेत, त्यामुळे चुकीच्या यादीवर विसंबलात तर फार तर सामना हराल. पण अनेक मोबाईल गेममध्ये हिरो विकत घ्यावा लागतो, किंवा पैसे भरून नशिबाची पेटी उघडावी लागते. तिथे “नवा हिरो एस टियर, लगेच घ्या” या वाक्यामागे खरी रक्कम असते, आणि ती बऱ्याचदा आई-बाबांच्या खात्यातून जाते. आज घेतलेला हिरो पुढच्या पॅचमध्ये ‘नर्फ’ झाला, तर गेलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

म्हणून यादी दिसली की चार प्रश्न विचारा. कोणत्या पॅचची? कोणत्या पातळीच्या खेळाडूंसाठी? किती सामन्यांवरून? आणि बनवणाऱ्याला यातून काही विकायचं आहे का? उत्तरं मिळाली नाहीत, तर ती यादी करमणूक म्हणून बघा, खरेदीसाठी नको.

लोकलमधल्या त्या दोघांनीही एकमेकांना एवढंच विचारावं, “तू कोणासाठी म्हणतोयस?” वाद बहुतेक केळवलीलाच मिटेल.