पेशीपटलातील मेद आणि रोगप्रतिकाराची दिशा

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेदरेणूंच्या दोन थरांचे, जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचे पटल असते. ते केवळ आतले आणि बाहेरचे वेगळे राखणारे कुंपण आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. मात्र रोगप्रतिकारक यंत्रणेच्या निर्णयांत हे मेद थेट सहभागी असतात, याचा बोलका पुरावा २००९ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील भास्कर साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला.

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता लिश्मानिया मेजर, म्हणजे वाळूमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरणारा आणि त्वचेवर चिवट व्रण करणारा परजीवी. काळा आजार त्याच्याच कुळातील दुसऱ्या परजीवीमुळे होतो. लिश्मानिया मेजर मुक्काम करतो तो महाभक्षी पेशींत, म्हणजे जंतूंना गिळून मारणे हेच ज्यांचे काम, नेमक्या त्याच पेशींत. या पेशींच्या पटलावरील सीडी-४० हे ग्राही प्रथिन बाहेरचा संदेश स्वीकारून आत पोचवते. निरोगी पेशीत त्या संदेशामुळे परजीवीविरोधी प्रतिकार चेतवणारे इंटरल्यूकिन-१२ तयार होते, तर लागण झालेल्या पेशीत त्याच संदेशातून इंटरल्यूकिन-१० तयार होते, जे प्रतिकार थंड करते आणि परजीवीच्या पथ्यावर पडते.

या उलट्या परिणामाचे मूळ पटलातील कोलेस्टेरॉलमध्ये सापडले. कोलेस्टेरॉल पटलात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. स्फिंगोलिपिड या मेदांसह त्याचे दाट पुंजके होतात, ज्यांना काई सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी १९९७ मध्ये ‘लिपिड राफ्ट’ म्हटले. हे पुंजके इतके सूक्ष्म आणि क्षणजीवी असतात की त्यांच्या स्वरूपाविषयी पुढे बराच वाद झाला. पटलातील कोलेस्टेरॉल पुरेसे असताना सीडी-४०च्या आतील टोकाशी ट्राफ-२, ट्राफ-३ आणि ट्राफ-५ ही जोडप्रथिने जमतात व इंटरल्यूकिन-१२चा मार्ग खुला होतो. परजीवीने कोलेस्टेरॉल घटवले की ही जुळणी होत नाही आणि ट्राफ-६ असलेली दुसरी जुळणी इंटरल्यूकिन-१०कडे नेते. ग्राही प्रथिन तेच राहते, बदलते ती त्याच्या भोवतालची मेदरचना. परजीवीची ही चाल थक्क करणारी आहे. रक्ततपासणीत मोजले जाणारे कोलेस्टेरॉल आणि पटलातील हे कोलेस्टेरॉल मात्र एकच मानू नये.

२००९ मध्येच कोलकात्यातील संशोधकांनी काळ्या आजाराची लागण केलेल्या हॅमस्टर प्राण्यांना कोलेस्टेरॉलयुक्त लायपोसोम, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्या, टोचल्या, तेव्हा त्यांना रोगापासून संरक्षण मिळाले.