बिनपंपाचा रेडिएटर

सकाळचे नऊ वाजलेत आणि बैठकीच्या खोलीतली आग विझलेली आहे. आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात नोव्हेंबर महिन्यात असं सहसा घडत नाही. माझ्या घरमालकीणबाई स्वेटरवर स्वेटर चढवून प्लंबरकडे बघत उभ्या आहेत. त्यांनी रात्रीच आग विझू दिली, कारण आज आगीमागच्या बॉयलरमधलं सगळं पाणी काढायचं आहे. न्हाणीघरात एक रेडिएटर बसणार आहे.

हा बॉयलर म्हणजे आपल्या बंबाचा लांबचा भाऊ. पण बंबातलं पाणी आपण बादलीत घेतो. याचं पाणी नळाला कधी येतच नाही. ते पाइपातून माडीवरच्या कपाटातल्या तांब्याच्या टाकीत चढतं, टाकीच्या पोटातल्या वेटोळ्यातून फिरतं, नळाच्या पाण्याला आपली उष्णता देतं आणि निवून पुन्हा आगीमागे उतरतं. पंप नाही, विजेची तार नाही. दुखणं वेगळंच आहे. थंडीच्या रात्री आग मोठी होते, टाकी कडकडीत तापते, पण कुणी अंघोळ करत नाही. मग उष्णतेला जायला जागाच उरत नाही. पाइप धडधडतात, पाणी उकळतं आणि वाफाळत माळ्यावरच्या छोट्या टाकीत सांडतं.

प्लंबर माळ्यावर जाऊन त्या टाकीचा फ्लोट काठीला बांधून येतो. खाली कॉक उघडतो. अंगणात नेलेल्या नळीतून आधी तांबूस, मग शाईसारखं काळं पाणी येतं. ‘गंज,’ तो एवढंच म्हणतो.

‘मुलगी फोनवर म्हणत होती, पंप लावून घे, थर्मोस्टॅट लावून घे,’ बाई म्हणतात.

‘लावू की. पण वीज गेली तर पंप थांबेल. आग थांबेल का?’

बाई गप्प होतात. जानेवारी २०२५मध्ये एओविन वादळानं देशभरातल्या साडेसात लाखांहून जास्त घरांची, शेतांची आणि दुकानांची वीज घालवली. पश्चिमेकडच्या या भागात कित्येक दिवस दिवे लागले नाहीत. तेव्हा याच आगीवर चहा झाला होता.

‘पंपावरचे रेडिएटर पुढे हवे तेवढे जोडा,’ प्लंबर म्हणतो. ‘पण एक तरी पंपाशिवाय चालणारा हवाच.’

टाकीकडे जाणाऱ्या २८ मिलिमीटरच्या तांब्याच्या पाइपावर कटर गरगर फिरतो. चढत्या पाइपाला एक टी-जोड, उतरत्याला एक. तिथून २२ मिलिमीटरच्या दोन फांद्या भिंतीपलीकडच्या न्हाणीघरात जातात. टॉर्चची निळी ज्योत जोडाभोवती फिरते, सोल्डरची तार टेकताच वितळून फटीत शिरते. मला तो पाणसळ धरायला लावतो. जाणारा पाइप पूर्ण लांबीभर किंचित चढताच हवा. मध्येच उंचवटा करून खाली वाकला, तर तिथे हवा अडकेल आणि पाणी थबकेल. तो दोनदा क्लिप सोडवून पुन्हा ठोकतो.

गरम पाणी रेडिएटरच्या एका टोकाला वरून आत येणार, दुसऱ्या टोकाला खालून बाहेर पडणार. खालच्या जोडावर एकच व्हॉल्व्ह आहे, टोपीखाली लपलेला, पान्याशिवाय न फिरणारा. बाई वाकून शोधतात.

‘बंद कुठून करायचा?’

‘करायचा नाही.’

दुपारी फ्लोट सुटतो, गंजरोधक औषध टाकीत ओतलं जातं, पाइप गुडगुडतात. रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू किल्लीनं सैल करताच हवा फुसफुसत निघते. पाण्याचा थेंब दिसला की स्क्रू बंद. सगळे जोड कोरड्या फडक्यानं पुसून तपासल्याशिवाय तो काडी ओढू देत नाही.

आधी चिरफळ्या, मग दलदलीतल्या बाईंच्या स्वतःच्या पट्ट्यात कापून वाळवलेलं पीट, म्हणजे जळाऊ माती. धूर करणारा कोळसा विकायला ऑक्टोबर २०२२च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. कोळशाची जुनी बादली आता वर्तमानपत्रं ठेवायला आहे.

मी माडीवर पाइपाला हात लावून उभी आहे. आधी काहीच नाही. मग कोमट, मग चटका. रेडिएटरची वरची कड एका टोकाकडून दुसरीकडे तापत जाते, खालची कड मागे रेंगाळते. ८० अंशांचं लिटरभर पाणी सुमारे ९७२ ग्रॅम भरतं, ६० अंशांचं ९८३. या ११ ग्रॅमच्या फरकावर सगळं चक्र फिरतंय. जड पाणी खाली बसतं आणि हलक्याला वर ढकलतं.

प्लंबर मुद्दाम आग भरपूर वाढवतो. टाकी कडकडीत तापते. आम्ही तिघंही धडधडीची वाट बघतो. ती होत नाही. न्हाणीघर मात्र तापलंय.

‘एक लक्षात ठेवा,’ हत्यारं भरताना तो बजावतो. ‘उन्हाळ्यात नुसत्या पाण्यासाठी आग पेटवलीत, तरी हा तापणारच.’

‘तापू दे,’ बाई म्हणतात. ‘इथला उन्हाळा मला माहीत आहे.’