विमानाचं वजन कुठून वाढतं?

मंडळी, परतूरला येऊन विमान बांधण्यावर बोलायचं म्हणजे जरा विचित्रच. इथे विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी पांढरी रेघ. पण हा विषय तुम्हाला वाटतो तितका परका नाही.

अमोल यादव हे नाव तुम्ही ऐकलं असेल. या वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं होतं, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. त्यांचं विमान स्वतः आखलेलं. मी बोलणार आहे ते त्याहून सोप्या, किट विमानाबद्दल. त्यात नकाशे आणि सुटे भाग पेट्यांमधून येतात, जोडायचं आपण. वजनाचा हिशेब मात्र दोघांना सारखाच.

हिशेब कसा, बघा. समजा, उडताना विमानाचं एकूण वजन ६०० किलोंच्या वर जाता कामा नये. किटवाला सांगतो, रिकामं विमान ३४० किलोंचं होईल. दोन माणसांचे १६० धरा. उरले १००, त्यात पेट्रोल आणि सामान. आता बांधता बांधता विमान ३९० किलोंचं झालं. उरले ५०! मग लोक काय करतात? टाकी तरीही गच्च भरतात. (हशा) हसताय, पण माणसं इथेच जिवाला मुकतात. वजन दहा टक्के वाढलं की जमीन सोडायला लागणारं अंतर साधारण वीस टक्के वाढतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. ४३ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊएक टक्के विरळ असते. पंखाला हवा कमी, इंजिनलाही कमी. धावपट्टी मात्र तेवढीच.

बरं, हे ५० किलो येतात कुठून? कुणी मुद्दाम पोतं टाकत नाही. काचेच्या कापडावर रेझिन जरा जास्त ओतलं जातं. कापड भिजल्यावर वरचं रेझिन ताकद देत नाही, नुसतं वजन देतं. रबरी पट्टीने ते ओढून काढावं लागतं. रंगाचा आणखी एक हात दिला जातो. बोल्ट एक माप लांब, मग खाली जादा वॉशर. गुबगुबीत गादी. 'असू दे, मजबूत होईल' हे वाक्य फार महाग पडतं.

मीही ते म्हटलंय. मित्रांबरोबर एका दोन आसनी किटवर काम करत होतो. शेपटीतल्या एका जोडाला मी नकाशापेक्षा जाड पत्रे लावले. आठशे ग्रॅम जादा. आता कापसाची गाडी भरणाऱ्याला विचारा, बोजा मागे गेला की गाडी उलाळ होते, पुढे गेला की धुरजड. विमानाचंही तसंच, फक्त रस्त्यात थांबून पोती सरकवता येत नाहीत. आणि उलाळ विमान जास्त धोक्याचं, कारण नाक वर जाऊन ते हाताबाहेर जाऊ शकतं. माझे आठशे ग्रॅम तोलाच्या जागेपासून चार मीटर मागे होते. नाकाकडे जागा मिळाली एक मीटरवर. म्हणजे तिथे चौपट, तीन किलो दोनशे ग्रॅम शिसं बसवावं लागलं. आठशे ग्रॅमचे चार किलो झाले!

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला काटा कामाच्या टेबलावर आला. घरी त्यावरून भांडण झालं, तो विषय वेगळा. प्रत्येक भाग बसवण्याआधी तोलायचा, वहीत लिहायचा, सोबत तो तोलाच्या जागेपासून किती लांब तेही. आकडा नकाशातल्यापेक्षा जास्त आला तर काम तिथेच थांबवायचं. राइट बंधूंनाही हे चुकलं नव्हतं. त्यांचा कारागीर चार्ली टेलर याने १९०३ चं इंजिन बनवलं, तेव्हा त्याचा मुख्य सांगाडा वजनासाठीच अ‍ॅल्युमिनियमचा ओतवून घेतला.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग भाग कानशीने घासून हलके केले तर?)

अजिबात नाही. नकाशात जाडी दिली आहे ती हिशेब करूनच. तिच्यापेक्षा जास्त नको म्हणतोय मी, कमी करा म्हणत नाही. घासायचंच असेल तर वैमानिकाचं पोट आहे. (हशा)