बोल्ट किती आवळायचा?

क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. गाडी रॅम्पवर चढते, ड्राइव्ह शाफ्ट निघतात, खाली जॅक लागतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा तो जड डबा इंजिनापासून सुटा होतो. जवळजवळ दिवसभराचं काम. संध्याकाळी तो परत चढवताना सगळ्यांनाच घाई असते. मालकाचे फोन चालू असतात, पुढची गाडी दारात उभी असते. शेवटचे काही बोल्ट तेवढे राहिलेले असतात आणि हाताखालच्या पोराला हुकूम सुटतो, ‘चांगला टाइट कर रे!’ पोरगं पान्याला लोखंडी पाइप चढवतं आणि अंगाचा भार टाकतं. बोल्ट जड होत जातो, आणखी जड होतो आणि मग एकाएकी हलका फिरू लागतो. आटे गेले!

आता त्या भोकात पुन्हा ड्रिल मारायचं, नवे आटे पाडायचे आणि त्यात हेलिकॉइल म्हणजे स्टीलच्या तारेचं वेटोळं बसवायचं. हे निदान दुरुस्त तरी होतं. बोल्ट ज्या कानात बसतो तो कानच तडकला, तर वेल्डिंग किंवा नवं हाउसिंग याशिवाय इलाज नाही. ज्या बोल्टांची किंमत काही रुपये, त्यांच्यापायी गिअरबॉक्सचं कवच बाद होतं. ‘चांगला टाइट’ म्हणजे नेमकं किती, हे मात्र प्रत्येक गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बोल्टागणिक आकड्यात छापलेलं असतं.

तो आकडा टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा असतो आणि हल्ली तो न्यूटन-मीटरमध्ये देतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साधारण २० किलोचा दाब दिला की बोल्टला सुमारे ५० न्यूटन-मीटर पीळ बसतो. गिअरबॉक्स इंजिनाला जोडणाऱ्या १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टांसाठी हा आकडा बराचसा नेहमीचा आहे. पाइप लावून त्याच पान्याची लांबी ६० सेंटिमीटर केली, तर त्याच २० किलोंचे जवळपास १२० न्यूटन-मीटर होतात. हाताला दोन्ही वेळा सारखाच जोर लागल्यासारखं वाटतं. ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ असं म्हणणारा मिस्त्री खोटं बोलत नसतो, पण त्याचा अंदाज एका ठरावीक पान्याच्या लांबीशी जुळलेला असतो. पाना बदलला की अंदाज चुकतो.

हा आकडा पाळायचा कशासाठी, हे समजायला बोल्ट नेमकं काय करतो ते पाहावं लागतं. बोल्ट दोन भाग नुसते अडकवून ठेवतो, असा सर्वसाधारण समज असतो. वास्तविक बोल्ट आवळला की तो लांबतो. स्टील लवचीक असतं. ताणलेला बोल्ट पुन्हा आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीने मधले दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. एम १० मापाचा, ८.८ प्रतीचा बोल्ट ५० न्यूटन-मीटरला आवळला, की तो साधारण अडीच टन जोराने पकडतो. चार सेंटिमीटर लांबीचा बोल्ट त्यासाठी किती लांबतो? मिलिमीटरच्या आठ-शतांश भागाएवढा, म्हणजे डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीइतका. सगळी पकड या केसभर ताणात आहे. ताण कमी पडला तर दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकू लागतात. जास्त झाला तर बोल्ट कायमचा लांबतो आणि त्याची ओढ संपते. बोल्टाच्या डोक्यावर कोरलेले ८.८ किंवा १०.९ हे आकडे हीच मर्यादा सांगतात. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताणाला बोल्ट तुटणार आणि त्याच्या ८० टक्क्यांवर तो कायमचा ताणला जाऊ लागणार.

आता या हिशोबातली सर्वांत मोठी अडचण. आपल्याला हवा असतो ताण आणि पाना मोजतो पीळ. या दोहोंच्या मध्ये बसलेलं असतं घर्षण. आवळताना लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा जोर बोल्टाचं डोकं खालच्या पृष्ठभागावर घासण्यात जातो, आणखी सुमारे ४० टक्के आट्यांच्या घासण्यात खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून घर्षणात थोडा फरक पडला तरी ताणात फार मोठा फरक पडतो. आटे गंजलेले, मातीने भरलेले असले तर पाना ५० दाखवतो आणि बोल्ट ढिलाच राहतो. उलट कोरड्या बोल्टासाठी दिलेला आकडा ठेवून आट्यांना तेल लावलं, तर बोल्ट हवा त्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये ‘आटे कोरडे ठेवा’ किंवा ‘तेल लावा’ अशी सूचना असते, ती आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. बोल्ट लावण्याआधी तारेच्या ब्रशने आटे साफ करणं आणि भोकात साचलेलं तेल हवेने उडवून देणं ही टॉर्क पाना हातात घेण्याच्या आधीची पायरी आहे आणि आपल्याकडे नेमकी तीच वगळली जाते. आंधळ्या भोकात, म्हणजे आरपार नसलेल्या भोकात, तेल राहिलं तर बोल्ट आत शिरताना ते दाबलं जातं आणि कधी कधी त्या दाबाने कवचच फुटतं.

पान्याचा आकडा किती फसवू शकतो, याचं एक थरारक उदाहरण विमानातलं आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. ते १७ हजार फुटांवर असताना कॉकपिटची समोरची एक काच निखळून उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टनसह सगळे वाचले. काच नुकतीच, रात्रपाळीत बदलली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट पाऊण मिलिमीटरहूनही कमी फरकाने, पण बारीक निघाले. आवळताना टॉर्कचा स्क्रूड्रायव्हरच वापरला होता. तो ठरलेल्या जोराला ‘खट्’ करतो, पण बारीक बोल्टांचे आटे नटमध्ये घसरत होते, तेव्हाही हाताला तसाच झटका जाणवत होता. खटका ऐकू आला म्हणजे बोल्ट बसला, असं गृहीत धरता येत नाही, हे तपास अहवालातून स्पष्ट झालं. गॅरेजमध्येही हा धडा जसाच्या तसा लागू आहे. जुन्या बोल्टाच्या जागी डब्यातून ‘तसाच दिसणारा’ बोल्ट उचलण्याआधी त्याची जाडी, लांबी, आट्यांचं अंतर आणि डोक्यावरची प्रत ताडून बघायला हवी.

गिअरबॉक्सपाशी परत येऊ. इंजिनाच्या मागच्या तोंडावर साधारणपणे दोन पोकळ पिना असतात, डॉवेल म्हणतात त्यांना. गिअरबॉक्सची रेषा इंजिनाशी नेमकी जुळवायचं काम त्यांचं. इनपुट शाफ्टच्या खाचा क्लच प्लेटमध्ये शिरल्या आणि डॉवेल बसले की गिअरबॉक्स हातानेच इंजिनाला टेकायला हवा. थोडी फट उरली, तर ‘बोल्ट आवळू, आपोआप ओढला जाईल’ हा मोह आवरावाच लागतो. शाफ्ट आत अडकलेला असतो आणि बोल्ट ओढत राहतात, मग एक तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो, नाहीतर कवचाचा कान तडकतो. ऑटोमॅटिक गाडीत हे आणखी महागात पडतं. तिथे टॉर्क कन्व्हर्टर तेलाच्या पंपात पूर्ण बसलेला नसताना बोल्ट आवळले, तर पंप तुटतो. टेकल्याची खात्री झाल्यावर सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून बसवायचे, मग समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायचा. एका बाजूचे बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला वळलं, तर कवच तिरकं ताणलं जातं.

कवच अ‍ॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टीलचा, हाही एक पेच आहे. तापमान १०० अंशांनी वाढलं तर एक मीटर स्टील सुमारे १.२ मिलिमीटर फुगतं आणि तेवढंच अ‍ॅल्युमिनियम २.३. गाडी तापली की कवच बोल्टापेक्षा जास्त फुगतं आणि आधीच ताणलेला बोल्ट आणखी ताणला जातो. म्हणूनच मुद्दाम काही वेगळं सांगितलेलं नसेल, तर गाडी थंड असताना आवळायचं. बीएमडब्ल्यूने २००४ साली आणलेल्या एन ५२ इंजिनाचा बाहेरचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. स्टीलच्या बोल्टाशी मॅग्नेशियमचा संपर्क आला की ओलाव्यात ते झपाट्याने गंजतं, म्हणून तिथे अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट वापरले. ते एका ठरावीक टॉर्कपर्यंत आवळायचे आणि मग सांगितलेल्या अंशांनी आणखी फिरवायचे असतात. एकदा काढले की फेकून द्यायचे, कारण ते कायमचे लांबलेले असतात. जुना बोल्ट पुन्हा वापरून चार पैसे वाचवायला गेलं, तर तो तुटून अर्धा आत राहण्याची भीती असते.

गिअरबॉक्सच्या आतले बोल्ट आणखी नाजूक. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेलाचा प्रवाह वळवणारी व्हॉल्व्ह बॉडी असते. तिच्यातल्या बारीक झडपा मिलिमीटरच्या काही शतांश मोकळीकीत सरकतात. बोल्ट कमी-जास्त आवळले गेले की ती बॉडी किंचित वाकते, झडप अडकते आणि गिअर पडताना झटका बसू लागतो. मालकाला वाटतं गिअरबॉक्स गेला. जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई या प्रसिद्ध गिअरबॉक्समध्ये व्हॉल्व्ह बॉडीच्या बोल्टांचा आकडा ९७ पाउंड-इंच आहे, म्हणजे फक्त ११ न्यूटन-मीटर. घाईत हाच आकडा पाउंड-फूट म्हणून वाचला, तर जोर बारापट होतो. जुन्या मॅन्युअलांमध्ये किलोग्रॅम-मीटरही आढळतात आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. आकडा वाचण्याआधी त्याच्या शेजारचं एकक वाचायचं, ही सवय हाताखालच्या पोरांना पहिल्या आठवड्यातच लावायला हवी.

टॉर्क पाना काही कालपरवाचा नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीखात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांनी १९१८ साली तो बनवल्याचं सांगितलं जातं. नळाच्या जोडांवरचे बोल्ट कमी-जास्त आवळले गेले की गळती व्हायची, तिच्यावरचा तो उपाय होता. आज गॅरेजमध्ये खटका देणारा पाना जास्त दिसतो. तो मुठीतच धरायचा, सावकाश आणि एकाच ओढीत फिरवायचा. खटका झाला की थांबायचं, खात्री म्हणून पुन्हा दोनदा खट्-खट् केलं की आकड्याच्या पुढे गेलोच. जाम बोल्ट सोडवायला हा पाना कधीही वापरू नये. काम झाल्यावर त्याची स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची. आयएसओ ६७८९ हे मानक अशा पान्यांना साधारणपणे चार टक्क्यांची चूक मान्य करतं. बनवणाऱ्याने वेगळं काही सांगितलं नसेल, तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा पाना तपासून घ्यावा, असंही ते सांगतं.

आणि स्प्रिंग वायसर? तो लावला म्हणजे बोल्ट सुटणार नाही, ही समजूत जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ सालीच खोडून काढली. जोडलेले भाग आडवे हादरून एकमेकांवर सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरतो आणि वायसर त्याला रोखू शकत नाही, हे त्यांनी यंत्रावर दाखवून दिलं. पुरेसा ताण असेल तर भाग सरकतच नाहीत, हाच खरा बंदोबस्त. जिथे मॅन्युअल सांगतं तिथे आट्यांवर लॉकिंगचं द्रव्य लावायचं. अमेरिकेतल्या हार्टफर्डचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली ते विकसित केलं.

चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यातल्या मोटार कारखान्यांत हा प्रश्न यंत्रांनी सोडवला आहे. असेंब्ली लाइनवरचे विजेवर चालणारे नटरनर महत्त्वाच्या बोल्टाचा टॉर्क आणि तो किती अंश फिरला हे दोन्ही नोंदवतात आणि आकडा बसला नाही तर इशारा देतात. तीच गाडी काही वर्षांनी एखाद्या नाक्यावरच्या गॅरेजमध्ये येते, तेव्हा तिथे फार तर एक पाना असतो आणि त्याचा आकडा कोणी तपासलेला नसतो. निदान गिअरबॉक्स, चाकं आणि ब्रेक यांच्यासाठी प्रत्येक गॅरेजकडे तपासलेला टॉर्क पाना असायलाच हवा. गिऱ्हाइकाने त्याची मागणी करण्यात काहीच गैर नाही.

घरच्या घरी गिअर ऑइल बदलणाऱ्यांनाही हेच लागू आहे. ड्रेन प्लगचा आकडा मॅन्युअलमधून पाहावा, खालचा वायसर चपटा होऊन गळती थांबवणारा असेल तर दर वेळी नवा घालावा. प्लग निमुळत्या आट्यांचा असेल तर तो पाचरीसारखा आत शिरतो आणि जास्त आवळल्यास कवच चिरतो, तिथे हात विशेष आवरावा. आणि ड्रेन प्लगला हात लावण्याआधी तेल भरण्याचा वरचा प्लग सुटतोय का, ते बघावं. तो जाम असेल तर जुनं तेल आत असतानाच कळलेलं बरं, म्हणजे गाडी स्वतः चालवत गॅरेजपर्यंत नेता येते.